तिसरी खुर्ची

अंगाला साबण लावलेला असताना नळाचं पाणी गेलं, की सुरुवातीला मी चिडायचे. पुढे शहाणी झाले. न्हाणीघराच्या खिडकीतून तोंड वर करून नुसतं म्हणायचे, "अंकल, पाणी गेलं!" आणि गच्चीवरून लगेच आवाज यायचा, "पाणी गेलं, बरोबर. जरा थांबा टीचर, डावीकडे वजन वाढलंय."

वसईजवळ गिरीजला, केळीच्या वाडीतल्या एका घरात आम्ही नवराबायको वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली घरमालक आणि त्यांची बायको. त्यांना आम्ही अंकल आणि आंटी म्हणायचो. मी माणिकपूरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे म्हणून त्यांच्या तोंडी मी 'टीचर'. माझा नवरा सुहास सकाळी अंधेरीला जायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा, त्यामुळे अंकलांच्या लेखी तो रविवारपुरताच होता.

गच्चीवर चार टाक्या होत्या. विहिरीवरचा पंप लावला की त्या भरायच्या, आणि दुसऱ्या कुठल्याही घरात गोष्ट तिथेच संपली असती. अंकलांनी त्या चारही टाक्या पाइपांनी एकमेकींना जोडल्या होत्या, मध्ये कॉक बसवले होते, आणि दिवसातून कितीतरी वेळा ते वर जाऊन एकीतलं पाणी दुसरीत सोडत. चारी टाक्यांत पातळी सारखी हवी. खालच्या मजल्यावर आंटी कपडे धुवायला बसल्या की उजवीकडची टाकी उतरायची आणि अंकलांचं वर जाणं सुरू.

"अंकल, घर काय उडणार आहे का?" सुहासनं एकदा विचारलं.

अंकल हसले नाहीत. "नाही उडणार. पण एकीकडे कललेलं असलं की मला बसवत नाही."

खरं म्हणजे त्यांना कशानंच बसवत नसे. व्हरांड्यात खुर्चीत बसले तर पाठ टेकायच्या आत उठत. पंपाचा आवाज ऐकायला जात, तिथून माडांच्या बुडाशी, तिथून फाटकापर्यंत, फाटकाची कडी हलवून पुन्हा व्हरांड्यात. कधी काहीच काम नसताना माणिकपूरपर्यंत चालत जाऊन, स्टेशनाकडे एक नजर टाकून, रिक्षा न करता परत येत. "काय आणलंत?" आंटी विचारत. "काही नाही. सगळं ठीक आहे," असा रिपोर्ट ते देत. जणू माणिकपूर जागेवर आहे की नाही हे कुणीतरी बघून यायलाच हवं होतं.

अंकल पूर्वी फ्लाइट इंजिनिअर होते. हे काय काम असतं ते मलाही त्यांच्याकडूनच कळलं. जुन्या मोठ्या विमानांत पुढे दोघं वैमानिक बसायचे आणि त्यांच्या मागे, उजव्या भिंतीला लागून, तिसरी खुर्ची असायची. त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत काटे, दिवे आणि खटके. इंधन कुठल्या टाकीतून कुठल्या इंजिनाला जातंय, इंजिनं किती तापलीत, आतली हवा बरोबर आहे की नाही, हे सगळं तिसऱ्या खुर्चीतला माणूस बघायचा. अंकलांनी अर्धं आयुष्य असं भिंतीकडे तोंड करून काढलं. लंडन, नैरोबी, टोकियो, सगळीकडे ते गेले होते, पण "उतरताना कसं दिसतं हो टोकियो?" असं विचारलं तर म्हणत, "मला काय माहीत? मी कधी बाहेर बघितलंच नाही."

ही आडवं बसायची सवय त्यांच्या अंगात मुरली होती. जेवायला ते टेबलाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून बसत आणि आंटींनी वाढलेलं डाव्या बाजूनं घेत. रिक्षात बसले तरी गुडघे दाराकडे. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला बाकाच्या उजव्या टोकाला अर्धे वळून बसत, तेव्हा समोरची आल्तार, म्हणजे वेदी, त्यांच्या डाव्या खांद्याला येई. नव्यानं आलेल्या फादरनी आंटींना बाजूला घेऊन विचारलं होतं, ह्यांचा माझ्यावर काही राग आहे का म्हणून. मुलीच्या लग्नाचा ग्रुप फोटो दिवाणखान्यात लावलेला होता. त्यात सगळे समोर बघताहेत आणि नवरीचा बाप एकटा बाजूनं दिसतोय, कुठलासा विजेचा बोर्ड न्याहाळत.

कुठलाही काटा वाचण्याआधी ते त्यावर बोटानं दोनदा टिचकी मारत. विजेचा मीटर, भिंतीवरचं घड्याळ, मासळी बाजारातला तराजू. मासेवालीला ते आवडत नसे. "अंकल, हात लावायचा नाय," ती ओरडायची. आणि दिलेली वस्तू मिळाली हे तोंडानं सांगावं लागे. "चावी दिली," असं म्हणून ते चावी पुढे करत, आणि आपण "चावी घेतली" म्हणेपर्यंत त्यांची पकड सुटत नसे. पहिल्या महिन्यात मी आणि ते एकाच चावीला धरून फाटकात बराच वेळ उभे राहिलो होतो.

आंटी या सगळ्याला सरावल्या होत्या. दोघं आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलत; भांडण चाललंय एवढंच मला कळे, कशावरून ते नाही. माझ्याशी मात्र आंटी शाळेतल्या मराठीत सावकाश बोलत. एकदा लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "जमिनीवर ह्यांना करमत नाही, टीचर. आणि वर आता ह्यांना कुणी बोलवत नाही."

आमच्याकडे कॉम्प्युटर होता. मी घरी त्यावर मुलांच्या शिकवण्या घ्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी सुहास विमान उडवण्याचा खेळ खेळायचा. खेळ म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, तो सिम्युलेटर म्हणायचा. जगभरातली हौशी माणसं आपापली नोकरी सांभाळून या सिम्युलेटरसाठी विमानं आणि विमानतळ बनवत. एकजण बाहेरचा आकार करी, दुसरा रंग देई, तिसरा आवाज जमवी, आणि तयार झालेलं विमान इंटरनेटवर कुणालाही फुकट उतरवून घ्यायला ठेवत. मोठं विमान आमच्या टेलिफोनच्या तारेतून यायला रविवारची अख्खी सकाळ लागायची आणि तेवढा वेळ सासूबाईंचा फोन लागायचा नाही.

एका रविवारी सुहासनं असंच एक जुनं चार इंजिनांचं विमान उतरवून घेतलं. आवाज मोठा करून तो मुंबईहून उडाला, आणि जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. अंकल दारात. पायात एकच चप्पल.

"कोण आहे इंजिनावर?" ते म्हणाले. "जाळून टाकाल!"

सुहास दचकून उठला. अंकल त्याच्या खुर्चीत बसले नाहीत. ते वाकले, पडद्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "उजवीकडे बघता येतं?"

सुहासनं बटण दाबून दृश्य फिरवलं. पुढचे काटे सरकले, खिडकी सरकली, आणि उजवीकडे आली एक कोरी करडी भिंत. विमान बनवणाऱ्यांनी तिथे काहीच बनवलं नव्हतं. गरजच काय? खेळणारा वैमानिक होणार, तो पुढेच बघणार.

अंकलांनी पडद्यावरच्या त्या करड्या रंगावर पंजा ठेवला.

"इथे मी आहे," ते म्हणाले.

मग उभ्या उभ्या, खिडकी ते दार अशा फेऱ्या मारत त्यांनी आम्हाला सांगितलं. कंपनीत नवं विमान आलं तेव्हाची गोष्ट. दोन वैमानिकांवर चालणारं, तिसऱ्या माणसाचं काम यंत्र करणारं. ते सगळ्यांना दाखवायला हँगरमध्ये उभं केलं होतं. अंकल आपल्या कॅप्टनबरोबर बघायला गेले. कॅप्टन पुढे बसला, हात फिरवून सुंदर, सुंदर म्हणाला. अंकल सवयीनं आत शिरून उजवीकडे वळले. "तिथे कोट अडकवायचा हूक होता," ते म्हणाले. "बस. एक हूक. कॅप्टननं मागे न बघताच आपला कोट माझ्याकडे दिला. मी तो अडकवला."

पुढे त्यांना ऑफिसात टेबल मिळालं होतं. त्या टेबलाशी ते जेमतेम एक पावसाळा टिकले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अंकल माझ्या दारात उभे. "टीचर, ह्या माणसांना लिहायचं आहे. भिंत रिकामी आहे म्हणून सांगायचं."

विमान बनवणाऱ्यांचा एक कट्टा होता इंटरनेटवर, तिथे अंकलांनी संदेश लिहिला. सगळा मोठ्या अक्षरांत, कारण विमानात असंच लिहितात म्हणे. त्यावर दोघांची उत्तरं आली. एक हॉलंडमधला निवृत्त पोस्टमन, विमानाचा आकार त्याचा. दुसरा ब्राझीलमधला दाताचा डॉक्टर. काटे हलतात कसे, दिवे लागतात कसे ते गणित त्याचं. पोस्टमननं लिहिलं होतं: आम्हाला ती भिंत कशी असते ते माहीत नाही. पुस्तकांतले फोटो धूसर आहेत. तुम्ही खरंच त्या खुर्चीत बसला आहात? मग सांगा, आम्ही बनवू.

अंकल सांगायला बसले आणि त्यांना आठवेना. कागद पुढे घेतला, दोन ओळी काटे काढले, खोडले. तिसऱ्या ओळीत काय होतं? ते इतके अस्वस्थ झाले, की त्या दिवशी आमच्या नळाला एकदाही खंड पडला नाही. वर कुणी गेलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंटींचा आवाज चढलेला ऐकून मी खाली धावले. अंकलांनी खुर्ची व्हरांड्यात ओढून उजव्या भिंतीला लावली होती. डोळे घट्ट मिटलेले. हात सावकाश वर जायचा, भिंतीला लागायचा, बोटं एखादा खटका धरल्यासारखी वळायची. मग डोळे उघडून ते त्याच जागी कोळशानं खूण करायचे. पुन्हा डोळे बंद. नाताळच्या सणासाठी नुकताच चुना दिलेल्या भिंतीवर काळे गोल उमटत चालले होते.

"हे बघा टीचर, वेड लागलंय ह्यांना!" आंटी म्हणाल्या.

"डोक्याला आठवत नाही," डोळे न उघडता अंकल म्हणाले. "हाताला आठवतंय. बोलू नका कुणी."

आम्ही दोघी उंबऱ्यात बसलो. हळूहळू आंटींचा रागही उतरला. हात वर जात होता, थबकत होता, चुकून परत येत होता. एका जागी तो पुन्हा पुन्हा गेला आणि अंकलांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मागच्या टाकीचा कॉक!" ते म्हणाले. "इथे जरा घट्ट होता. म्हणून खांदा दुखायचा." संध्याकाळपर्यंत भिंत भरली. सणाला आलेल्या पाहुण्यांनी त्या भिंतीकडे पाठ करून केक खाल्ला.

मग कामाला सुरुवात झाली. मी शाळेतला कॅमेरा मागून आणून भिंतीचे फोटो काढले, आणि शाळा सुटल्यावर एकेक डायल कॉम्प्युटरवर रंगवू लागले. मला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. पण अंकल मागे उभे राहून "काटा पांढरा नाही, जुन्या दातासारखा" असं म्हणायला लागले की उठवत नसे. मी चित्र पाठवायचे, पोस्टमन ते भिंतीवर बसवायचा, डॉक्टर त्यात जीव भरायचा आणि नवी फाइल पाठवायचा. अंकल ती बघून सात चुका काढायचे. डॉक्टर दमून जायचा. त्यानं एकदा लिहिलं, की माझे पेशंट तुमच्यापेक्षा कमी कुरकुरतात, आणि त्यांच्या तोंडात तर माझा ड्रिल असतो.

सुहासला या सगळ्यात वेगळीच हौस आली. मुंबईच्या उत्तरेला उडालं की सिम्युलेटरमध्ये वसई म्हणजे नुसता हिरवा पट्टा दिसायचा; किल्ला नाही, खाडी नाही, एकही चर्च नाही. "अंकल, ते झालं की आपण आपली वसई बनवू. गिरीज, तुमचं घर, गच्ची, सगळं." अंकलांनी त्याच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघितलं. "ते खिडकीबाहेरचं आहे," ते म्हणाले. "ते माझं काम नाही."

विमान इंटरनेटवर आलं तेव्हा त्याच्याबरोबरच्या माहितीत तिघांच्या खाली माझंही नाव होतं. कौतुकाचे संदेश आले. कुणी लिहिलं, माझे वडील याच खुर्चीत बसायचे. अंकल ते वाचून दाखवायला सांगत आणि ऐकता ऐकता खोलीभर चालत. त्या दिवसांत ते माणिकपूरला दिवसातून दोनदा जाऊन येत.

थोडे दिवस गेले आणि संदेशांचा सूर बदलला. सुंदर आहे, पण एकट्या माणसाला जमत नाही. पुढे बघायचं की मागे? इंधन सांभाळता सांभाळता विमान डोंगरावर आदळलं. शेवटी डॉक्टरनं अंकलांना थेट लिहिलं. फार नम्रपणे लिहिलं होतं. लोकांना एक सोय हवी आहे. एका चौकोनात टिक केली की इंजिनिअरचं सगळं काम आपोआप व्हावं. त्यासाठी तुम्ही तिथे काय करत होता, कधी आणि कुठल्या क्रमानं, ते नियम लिहून द्याल का?

मी वाचून दाखवलं. अंकल चालायचे थांबले.

"म्हणजे माझ्या जागी यंत्र," ते म्हणाले.

"अंकल, तसं नाही—"

"तसंच आहे, टीचर. आणि या वेळी मीच बनवायचं."

ते खाली गेले. दुपारी गच्चीवरून पाणी वाहू लागलं. एक टाकी भरून ओसंडत होती, पंप चालूच होता, आणि अंकल घरात नव्हते. पुढचे काही दिवस ते असेच. सकाळी सायकल काढायचे आणि कुठे कुठे जाऊन यायचे. कुणी त्यांना किल्ल्याच्या बंदरावर पाहिलं, कुणी पार आचोळ्याला, नव्या इमारतींच्या मधल्या रस्त्यावर सायकल धरून उभे. परत आल्यावर आंटींनी विचारलं तरी रिपोर्ट नाही.

एका दुपारी आंटी वर आल्या. त्या जिना चढून सहसा येत नसत, गुडघे दुखत. "काय झालंय, टीचर? मला कळेल असं सांगा."

मी सांगितलं. त्या पदरानं मान पुसत ऐकत राहिल्या.

"नोकरी गेली तेव्हा असेच झाले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा रागवायला कंपनी तरी होती. आता रागवायचं कुणावर? त्या दाताच्या डॉक्टरवर? तो बिचारा तर विचारतोय. कंपनीनं विचारलंसुद्धा नव्हतं."

हे त्यांनी अंकलांनाही सांगितलं असावं, कारण संध्याकाळी खालून त्यांच्या बोलीतलं भांडण बराच वेळ ऐकू आलं. पण अंकल वर आले नाहीत. त्यांना वर आणलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

अंकलांच्या उत्तराची वाट पाहून कट्ट्यावरच्या कुणा तिसऱ्याच माणसानं स्वतःच एक सोय बनवून टाकली. सुहासनं रविवारी ती उतरवली आणि अंकलांना हाक मारली. ते आले, दारातच उभे राहिले. सुहासनं चौकोनात टिक केली. एका क्षणात, आवाज न करता, भिंतीवरचे सगळे खटके एकदम पडले. सगळे दिवे एकदम हिरवे झाले.

"हे काय?" अंकल म्हणाले.

"झालं, अंकल. सगळं झालं."

"काय झालं? सगळे पंप एकदम लावतात? आणि कॅप्टनला सांगितलं कुठे?" ते आत आले, पडद्याशी वाकले. "हा बोलत नाही? काय करतोय ते सांगत नाही? मी कॅप्टन असतो तर असा गुपचूप काम करणारा माणूस माझ्यामागे बसू दिला नसता. चोर आहे हा!" ते माझ्याकडे वळले. "टीचर, लिहा त्या डॉक्टरला. मी सांगतो काय लिहायचं ते."

त्या रविवारी आणि नंतर कित्येक दुपारी ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. इंजिनिअर एका वेळी एकच खटका लावील. खटका लावून काट्याकडे बघील. काटा हलायला वेळ घेतो, तेवढा वेळ तो थांबील. मगच दुसरा. काय करतोय ते मोठ्यानं सांगील. कॅप्टननं उत्तर द्यायला हवं, त्यासाठी एक बटण ठेवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा सांगील. तरी आलं नाही तर हात मांडीवर ठेवून बसून राहील.

डॉक्टरनं कळवलं, की लोक वैतागतील. सोय हवी म्हणून तर ते मागताहेत, आणि हा तर कटकट करतोय.

"मग माझं नाव काढा," अंकलांनी सांगितलं. डॉक्टरनं नाव काढलं नाही, नियम ठेवले.

शेवटचा नियम सांगताना ते खिडकीशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. "इंजिन फार तापलं आणि दोनदा सांगूनही कॅप्टननं ऐकलं नाही, तर इंजिनिअर न विचारता स्वतः त्या इंजिनाचा जोर कमी करायचा दांडा मागे घेईल."

"असं करायची परवानगी होती?" मी विचारलं.

"मी एकदा केलं होतं. उकाडा होता, विमान जड, कॅप्टन घाईत. मी दांडा मागे घेतला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी काट्याकडे बघत होतो. उतरल्यावर काही बोलला नाही तो. जाता जाता आपल्या सिगारेटचं पाकीट माझ्या खिशात कोंबलं. मी सिगारेट ओढत नाही, हे त्याला माहीत होतं."

बोलणारा इंजिनिअर म्हटल्यावर आवाज हवा. तो अर्थात अंकलांचाच. आमच्या खोलीत माइक लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत आम्ही त्यांची वाक्यं टिपली. विमानातली भाषा इंग्रजी, पण 'कॅप्टन' हा शब्द ते असा म्हणत, की त्यात थोडा आदर, थोडा दम आणि पुष्कळसं वसईपण यायचं. एका वाक्यात खालून आंटींच्या कुकरची शिट्टी शिरली आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही. विमान जगभर गेल्यावर लोक कट्ट्यावर विचारू लागले, की इंधन तापवण्याच्या सूचनेनंतर तो बारीक इशारा कसला वाजतो, पुस्तकात कुठे सापडत नाही. पोस्टमननं उत्तर दिलं होतं: तो वाजला की जेवायला जावं.

डॉक्टरनं पुरं झालेलं विमान पाठवलं त्या दिवशी शनिवार होता, माझी शाळा अर्धीच होती. जेवण करून अंकल वर आले. एरवी ते तिसऱ्या खुर्चीतलं दृश्य लावून बसत. त्या दिवशी त्यांनी पुढचं दृश्य लावलं, कॅप्टनच्या जागेवरचं. चौकोनात टिक केली. हात पुसून जॉयस्टिक धरली.

मुंबईहून ते उडाले. मी त्यांना विमान हाकताना पहिल्यांदाच बघत होते; धडपणे येत नव्हतं त्यांना, पंख डुचमळत होते. मागून त्यांचाच आवाज येत होता. हे लावलं. ते बंद केलं. अंकल बटण दाबून उत्तर देत होते. उंची गाठायला त्यांनी चारही दांडे पुढे लोटले आणि तसेच धरून ठेवले.

"कॅप्टन, नंबर थ्री टेम्परेचर," आवाज म्हणाला.

अंकलांनी बटण दाबलं नाही. मुद्दाम की तंद्रीत, मला कळलं नाही. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. बाहेर नुसतं निळं आभाळ होतं.

"कॅप्टन. नंबर थ्री टेम्परेचर." आता त्यात दमच जास्त होता.

तरी त्यांचं बोट बटणाकडे गेलं नाही. आणि मग पडद्यावरच्या चार दांड्यांतला तिसरा, कुणी हात न लावता, किंचित मागे आला. तापलेला काटा थरथरला आणि खाली उतरू लागला.

अंकल त्या काट्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर रडणं नव्हतं. शाळेत एखादं अवघड गणित फळ्यावर बरोबर सुटलं की मुलं जशी बघतात तसे ते बघत होते.

"बरोबर केलं त्यानं," ते म्हणाले. "माझीच चूक होती."

विमान सरळ आपोआप उडेल असं बटण लावून ते उठले आणि दाराकडे निघाले.

"अंकल, असंच हवेत सोडून?"

"तो आहे ना," ते म्हणाले, आणि जिना उतरले. सावकाश, एकेक पायरी.

मी विमान तसंच ठेवून वह्या तपासायला घेतल्या. मधून मधून मागून आवाज येत होता आणि मी बटण दाबत होते. बऱ्याच वेळानं जिन्यावर आंटींची चाहूल लागली. त्या दाराला धरून उभ्या होत्या, चेहरा उतरलेला.

"टीचर, जरा खाली चला. हे झोपलेत."

दिवसाउजेडी अंकल आडवे झाल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. मी धावतच उतरले. आतल्या खोलीत ते पलंगावर उताणे पडले होते, शर्ट, पँट, चष्मा सगळं अंगावर. एक हात छातीवर, दुसरा पलंगाखाली लोंबत. तोंड उघडं. आणि ते घोरत होते, बारीक, सारख्या लयीत.

आंटी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ आम्ही दोघी ऐकत राहिलो. मग त्यांनी पुढे होऊन अलगद त्यांचा चष्मा काढला, लोंबणारा हात उचलून वर ठेवला, खिडकीचा पडदा ओढला.

तेवढ्यात फाटकाशी केळी न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यानं जोरात हॉर्न दिला. आंटी दुखरे गुडघे विसरून व्हरांड्यातून जवळजवळ पळतच फाटकापाशी गेल्या. त्यानं पुन्हा हॉर्नवर हात नेला तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला थांबवलं.

"हळू रे," त्या म्हणाल्या. "आत्ताच ड्युटीवरून आलेत."